साइड डिश

भुसावळला जामनेर रोडवर लाल पाटीचं ते चिकनचं दुकान उघडलं
तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्ही आत जाऊन बसलो,
मी आणि रुबाब तडवी.
बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत स्वेटर घालावा अशी थंडी.
त्याने मागवली आठ तुकड्यांची बादली.
मी, ज्याच्या घरात अंडंही शिजत नाही,
मागवलं उरलेलं सगळं.

तेव्हा चिकनचं विचाराल तर मला सांगता येणार नाही.
बाकीचं सांगतो.

कोबी बारीक चिरलेला, गोड,
पांढऱ्या कसल्याशा लगद्यात बुडालेला.
आमच्याकडे आजाऱ्याला देतील इतका सौम्य.
दुसऱ्या घासाला बरा वाटतो, तिसऱ्याला संपतो,
वाटीच तेवढी.

बटाट्याच्या काड्या पहिली पाच मिनिटं उत्तम.
मग मऊ पडून एकमेकींना टेकतात.

मक्याचं कणीस अर्धं.
सावद्याच्या बाजारात अर्धं कणीस विकून दाखवावं कुणी.

पाव गोड. तिखट म्हणून दिलेली लाल चटणी, तीही गोड.
काउंटरवरच्या पोराला विचारलं, ठेचा नाही का रे?
छातीवर नाव होतं, धनराज.
हळूच म्हणाला, काका, मी माझा आणतो घरून,
आणि डब्याच्या झाकणात चिमूटभर आणून दिला.
मेनूत नसलेला तो एक पदार्थ
पाचपैकी पाच.

एकतीस वर्षं वरणगावच्या फॅक्टरीत एका बाकावर जेवलो आम्ही.
त्याचा डबा उघडला म्हणून मी कधी तोंड फिरवलं नाही,
आणि माझ्या भरिताला बोट लावायच्या आधी
तो दरवेळी हात धुऊन यायचा.
कुणी सांगितलं नव्हतं.
मला म्हणायचा, आज गावठी आहे झोपे, हाडाशी गोड लागते.
आज मसाला करपला, तुझी भाभी चिडलेली होती.
ऐकून ऐकून मी
न खाता तज्ज्ञ झालो.

गेल्या वर्षी जळगावात त्याच्या जिभेवर पस्तीस वेळा किरणं मारली.
गाठ गेली. चवही गेली.
डॉक्टर म्हणाले येईल परत, सहा महिने, फार तर वर्ष.
परवा चौदावा लागला.

तर रुबाब मांडीचा तुकडा दातांनी सोडवतो,
पाण्याचा घोट घेत घेत, कारण लाळ सुटत नाही,
आणि चावताना भिंतीकडे बघतो.
भिंतीवर त्याच तुकड्याचा फोटो, वाफेसकट.
कसं लागतंय?
गरम आहे, म्हणाला. कुरकुर ऐकू येते.
मग हाड कागदावर ठेवून,
तू सांग ना भो.

मी कोबीचं सांगितलं. काड्यांचं सांगितलं.
ठेच्याचं जरा वाढवून सांगितलं.
तो ऐकत होता, बादलीकडे बघत.

बादलीच्या तळाशी वरच्या आवरणाचा चुरा साचला होता.
पीठच ते, मी मनाशी म्हटलं. मैदा, मीठ, मिरी.
तेलात काय काय उतरलं असेल ते मला ठाऊक होतं.
नखाएवढी एक खपली उचलली.
झोपे, वेडा झाला का तू?
गप्प बस, म्हटलं. खाऊ दे.

आधी मीठ. मग मिरी, थेट नाकात.
मग भजी तळून झाल्यावर कढईत उरतो
तसा जरासा करपट गाळ.
आणि त्याच्याखाली काहीतरी,
ज्याला माझ्याकडे शब्द नाही,
त्याच्याकडे होते.

लसूण? त्याने विचारलं.
आहे. पावडरचा.
तिखट?
आपल्या काळ्या मसाल्यापुढे तान्हं बाळ.
तो हसला, घोटभर पाणी प्यायला.
आणि हाडाशी?

तिथवर मी गेलो नव्हतो.

बादलीत अजून तीन तुकडे होते.
धनराज फडकं घेऊन आला,
काका, पॅक करून देऊ?
रुबाब काहीच बोलला नाही.
थांब जरा, मी म्हटलं.